प्रवासातला गॅस : टाकी भरू नका, बदलून घ्या

चारधामची दारे उघडायची वेळ जवळ आली की अकोला आणि अमरावतीच्या ट्रॅव्हल्सच्या फलकांवर यात्रांच्या तारखा झळकू लागतात. पंधरा-वीस दिवसांचा प्रवास, चाळीस-पन्नास माणसे, सोबत आचारी आणि डिक्कीत तांदूळ-पिठाच्या पोत्यांशेजारी गॅसच्या टाक्या. ‘घरच्यासारखे जेवण’ ही अशा यात्रांची सर्वात मोठी जाहिरात असते आणि ती खोटी नसते. परमुलखात आठवडाभर फिरल्यावर वरण-भात आणि गरम पोळीची आठवण कुणाला येत नाही? आषाढीला पायी निघणाऱ्या दिंड्यांच्या मागे चालणारा सामानाचा ट्रक, बहिरमच्या जत्रेत रोडग्यांसाठी तंबू टाकणारी कुटुंबे, चिखलदऱ्याला टेम्पो ट्रॅव्हलरने जाऊन रस्त्याकडेला चहा करणारे मित्र आणि अलीकडे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन भाड्याने घेणारे पर्यटक, ही सारी चाकांवरच्या स्वयंपाकघराचीच रूपे आहेत.

या स्वयंपाकघराची अडचण एकच. चौथ्या-पाचव्या दिवशी टाकी संपते. गाव अनोळखी, गॅस एजन्सीचे पुस्तक घरी, नोंदणी दुसऱ्या जिल्ह्यातली. संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झालेली असते आणि कुणीतरी सांगते, ‘बाजूच्या गल्लीत भरून मिळते.’ प्रवासातल्या गॅसच्या बहुतेक धोक्यांची सुरुवात या वाक्यापासून होते. टाकी भरून घेण्यात एवढे काय बिघडते, हे समजून घ्यायचे तर थोडे विज्ञान आणि थोडा कायदा पाहावा लागतो.

मदुराईचा धडा

२६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तमिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका डब्याला आग लागली आणि नऊ प्रवाशांचा मृत्यू झाला. हा यात्रेकरूंनी स्वतंत्रपणे आरक्षित केलेला डबा होता. लखनौहून निघून तो दक्षिणेतल्या तीर्थस्थानांना चालला होता. डब्यात नियमबाह्यपणे गॅस सिलिंडर नेण्यात आला होता आणि पहाटेच्या चहा-कॉफीसाठी तो पेटवताना आग भडकल्याचे रेल्वेने सांगितले. रेल्वेत असा सिलिंडर नेणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तरीही तो डब्यात पोहोचला, कारण यात्रेत स्वयंपाक करायचा म्हणजे टाकी न्यायची, हे सर्वांनीच गृहीत धरलेले होते.

रस्त्यावरच्या बसमध्ये आग किती कमी वेळ देते, हे विदर्भाला वेगळ्या संदर्भात माहीत आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेत गॅसचा काही संबंध नव्हता. पण बंद बस पेटली की झोपेतल्या माणसांना बाहेर पडायला मिनिटेही मिळत नाहीत, हे त्या रात्री दिसले. अशा बसच्या पोटात चार भरलेल्या टाक्या असतील तर काय होईल, याची कल्पना करायला तज्ज्ञ लागत नाही.

टाकीतली मोकळी जागा

घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली ते द्रवरूप होते आणि टाकीत ते द्रवरूपातच असते. शेगडी सुरू केली की द्रवाच्या वर साठलेला वायू बाहेर पडतो आणि तेवढ्याच द्रवाची वाफ होऊन त्याची जागा भरून निघते. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. एवढेसे इंधन एवढे दिवस पुरते ते यामुळेच आणि एवढीशी गळती एवढी घातक ठरते तीही यामुळेच.

या द्रवाचा एक गुणधर्म मात्र फारसा कुणी लक्षात घेत नाही. उष्णतेने तो पाण्याच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावतो. त्यासाठी टाकीत जागा मोकळी ठेवावी लागते. घरी येणाऱ्या १४.२ किलोच्या टाकीत पाणी भरले तर ते ३३.३ लिटर मावते. तीस अंश तापमानाला १४.२ किलो द्रव गॅस साधारण २७ लिटर जागा घेतो, म्हणजे टाकी सुमारे ८० टक्के भरलेली असते. तापमान पन्नास अंशांवर गेले की तोच द्रव फुगून साधारण साडेअठ्ठावीस लिटर होतो. तरीही वर जवळपास पाच लिटर जागा उरते. ही उरलेली जागाच टाकीची सुरक्षा आहे.

आता हीच टाकी गल्लीतल्या दुकानात वजनकाट्याशिवाय भरली आणि तिच्यात १७ किलो गॅस गेला असे समजू. सकाळच्या तीस अंशांत तो ३२ लिटरच्या आसपास बसतो. टाकी बंद होते, बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही. दुपारी बस उन्हात उभी राहते, टाकीचे तापमान पन्नासवर जाते आणि त्या द्रवाला सुमारे ३४ लिटर जागा हवी असते. टाकीत जागा आहे ३३.३ लिटर. मिश्रणातील प्रोपेन-ब्युटेनच्या प्रमाणानुसार हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण हिशेब बदलत नाही. वायू दाबला जातो, द्रव जवळपास दाबला जात नाही. त्यामुळे टाकी द्रवाने काठोकाठ भरली की पुढच्या काही अंशांतच आतला दाब प्रचंड वाढतो. सकाळी ठीक वाटणारी टाकी दुपारी फुटू शकते, ती अशी.

लहान टाकीत ही चूक आणखी सोपी असते. पाच किलोच्या टाकीत अवघा किलोभर गॅस जास्त गेला तरी उन्हाळ्यात ती काठावर येते. बाजारात मिळणाऱ्या, कोणत्याही अधिकृत कंपनीच्या नसलेल्या दोन-तीन किलोच्या टाक्यांचे तर बोलायलाच नको. त्यांचा पत्रा किती जाड आहे, वेल्डिंग कसे आहे, तपासणी कधी झाली, याचा पत्ता नसतो.

वऱ्हाडचे ऊन, हिमालयाची थंडी

हा हिशेब वऱ्हाडात अधिक महत्त्वाचा ठरतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही आता बातमीही राहिलेली नाही. हवामान खात्याचा पारा सावलीतला असतो. उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिक्कीत किंवा टपावर पत्र्याशेजारी तापमान साठ अंशांच्या आसपास जाऊ शकते. कारखान्यात नीट वजन करून भरलेली टाकी हे तापमान सोसू शकते, कारण तिची रचना आणि चाचणी तेवढी ताकद धरूनच केलेली असते. जादा भरलेल्या टाकीला हा हिशेब लागू होत नाही.

तीच बस आठ दिवसांनी बद्रीनाथला पोहोचते तेव्हा अडचण उलटी होते. ब्युटेनची वाफ होण्यासाठी तापमान साधारण शून्याच्या वर लागते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. त्यामुळे थंडीत आधी प्रोपेन संपतो, ब्युटेन टाकीत बसून राहतो आणि ज्योत बारीक होते. मोठी भट्टी सतत चालू असेल तर टाकी आणखी थंड होते, तिच्यावर दव किंवा बर्फाचा थर दिसतो. टाकी हलवली तर आत द्रव असल्याचे जाणवते, पण शेगडी पेटत नाही. मग कुणी टाकीवर उकळते पाणी ओततो, कुणी खाली निखारे ठेवतो. हे दोन्ही प्रकार जीवघेणे आहेत. टाकीला थेट उष्णता कधीही देऊ नये. दोन टाक्या आलटून-पालटून वापरणे, त्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवणे आणि भट्टी मंद चालवणे, एवढेच उपाय सुरक्षित आहेत. युरोपात कॅराव्हॅनने फिरणारे लोक हिवाळ्यात शुद्ध प्रोपेन घेतात, ते याच कारणाने.

परदेशात टाकी पंपावर भरते, मग इथे का नाही?

युरोपात अनेक मोटारहोमना खालच्या बाजूला गॅसची कायमची टाकी बसवलेली असते आणि ती वाहनांच्या गॅस पंपावर भरून घेता येते. हे पाहून आलेले किंवा चित्रफितीत पाहिलेले लोक विचारतात, की आपल्याकडेही ऑटो एलपीजीचे पंप आहेत, मग घरची टाकी तिथे का भरून देत नाहीत? उत्तर टाकीच्या रचनेत आहे. मोटारहोमच्या कायम टाकीत एक तरंगता झडप-संच असतो. टाकी ८० टक्के भरली की तो आपोआप भरणे थांबवतो. पंपावरच्या माणसाने लक्ष दिले नाही तरी मोकळी जागा राहतेच. आपल्या रिक्षा आणि मोटारींच्या अधिकृत एलपीजी किटमध्येही अशीच सोय असते. घरच्या सिलिंडरमध्ये ती नसते. ते भरण्याची जागा एकच, ती म्हणजे कंपनीचा बॉटलिंग प्रकल्प. तिथे प्रत्येक टाकी काट्यावर भरली जाते, पुन्हा तोलली जाते आणि तिची गळती तपासून मगच तिच्यावर सील लागते.

थोडक्यात, परदेशात टाकी गाडीतच राहते आणि गॅस तिच्यापर्यंत येतो. भारतात भरलेली टाकी येते आणि रिकामी जाते. दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत. धोका आहे तो या दोहोंच्या मधल्या उद्योगात, म्हणजे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस ओतण्यात.

गल्लीतली भराभरी

हे काम कसे चालते, हे अकोला-अमरावतीत पोलीस आणि पुरवठा विभागाने टाकलेल्या धाडींच्या बातम्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. भरलेली घरगुती टाकी उलटी करून उंचावर ठेवतात, खाली रिकामी टाकी किंवा व्हॅन-रिक्षाची टाकी असते आणि मध्ये नळी जोडलेली असते. काही ठिकाणी विजेची मोटारही लावतात. जोड घट्ट नसतात, प्रत्येक वेळी थोडा गॅस बाहेर सुटतोच आणि मोटारीची एक ठिणगी पुरेशी असते. नळी निसटून द्रव गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते. ही जखम भाजल्यासारखीच असते आणि तिच्यावर कोमट पाणी घालावे लागते.

सुटलेला गॅस किती घातक ठरतो, याचा हिशेबही साधा आहे. एक किलो द्रव गॅसचा साधारण ५०० लिटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले की ती हवा पेट घेऊ शकते. म्हणजे किलोभर गॅस सुमारे २५ घनमीटर हवा पेटण्याजोगी करतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आतली जागा साधारण १५ घनमीटर असते. अर्धा-पाऊण किलो गॅस बंद गाडीत पसरला तर अख्खी गाडीच पेट घेणाऱ्या हवेने भरू शकते. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर, डिक्कीत, सीटखाली साचतो. उभ्या माणसाला वास येण्याआधी तो खाली झोपलेल्या माणसाच्या नाकाशी असतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण सतत तोच वास येत राहिला तर नाक सरावते, सर्दी झालेल्याला किंवा वयस्क माणसाला तो जाणवतही नाही. यात्रेच्या बसमध्ये वयस्क माणसेच अधिक असतात.

मग लोक गल्लीत का जातात? पहिले कारण पैशाचे. घरगुती गॅसवर पाच टक्के जीएसटी आहे, व्यावसायिक गॅसवर अठरा टक्के. दरातला फरक त्याहून मोठा असतो. त्यामुळे घरगुती टाकी व्यवसायात वळते आणि यात्रा कंपनीच्या डिक्कीतही निळ्या १९ किलोच्या टाकीऐवजी घरगुती लाल टाकी दिसते. दुसरे कारण सोयीचे. घरगुती जोडणी पत्त्याशी बांधलेली असते आणि प्रवासी पत्ता मागे सोडून निघालेला असतो. हे दुसरे कारण खरे आहे, पण त्यावर अधिकृत तोडगा उपलब्ध आहे आणि तो फार कमी जणांना माहीत आहे.

कायदा काय म्हणतो

गॅस सिलिंडर भरणे, साठवणे आणि नेणे हे स्फोटक कायदा, १८८४ खाली केलेल्या गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येते. त्याचे नियमन करणारी ‘पेसो’ ही केंद्र सरकारची संस्था विदर्भातच, नागपुरात मुख्यालय असलेली आहे. परवान्याशिवाय टाकी भरणे गुन्हा आहे. घरगुती गॅस व्यवसायासाठी वापरणे किंवा एका टाकीतून दुसरीत काढणे हे एलपीजी पुरवठा व वितरण नियंत्रण आदेश, २००० चे उल्लंघन ठरते. हा आदेश अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली काढलेला असल्याने त्याच्या उल्लंघनाला सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पैसे घेऊन प्रवाशांना जेवण देणारी यात्रा कंपनी हा व्यवसाय आहे, त्यामुळे तिने व्यावसायिक टाकीच वापरायला हवी. प्रवासी बसमध्ये माणसांसोबत ज्वलनशील वायू नेणे तर कोणत्याच नियमात बसत नाही. बसमालक, आयोजक आणि आचारी या तिघांनाही हे माहीत असायला हवे. दुर्घटना घडली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

कॅराव्हॅनचे तसे नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा वाहनात झोपण्याची, स्वच्छतागृहाची आणि स्वयंपाकाची सोय गृहीत धरलेली असते. पण ती सोय वाहनाच्या मंजूर रचनेचा भाग हवी. जुन्या मिनीबसमध्ये ओटा बसवून खाली टाकी ठेवली म्हणजे कॅराव्हॅन होत नाही.

डोकेदुखी प्रवासाची की गॅसची?

आगीइतकाच गंभीर, पण न दिसणारा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. गॅस पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. थंडीत गाडीच्या काचा बंद करून शेगडी पेटवली, किंवा ऊब यावी म्हणून ती पेटती ठेवली, की प्राणवायू कमी पडतो आणि हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची सुरुवातीची लक्षणे.

प्रवासात हीच लक्षणे फसवतात. मैदानात ती ‘बस लागली’ म्हणून सोडून दिली जातात, केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर ‘हवा विरळ आहे’ म्हणून. ओळखण्याची एक खूण आहे. एकाच गाडीतल्या किंवा तंबूतल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी-मळमळ सुरू झाली आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर आधी शेगडीवर संशय घ्यावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही प्राणवायूचे रक्त समजतो आणि आकडा चांगला दाखवतो. गाडीत झोपताना शेगडी, कोळसा किंवा जनरेटर यांपैकी काहीही चालू ठेवू नये.

प्रवासी काय करू शकतो

पहिला आणि सर्वात सोपा पर्याय पाच किलोच्या मुक्त विक्रीच्या टाकीचा. तेल कंपन्यांनी ती खास अशाच लोकांसाठी आणली आहे. इंडियन ऑइलची ‘छोटू’, हिंदुस्थान पेट्रोलियमची ‘अप्पू’ आणि भारत पेट्रोलियमची ‘मिनी’ ही तिची नावे. ती घेण्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. रिकामी टाकी देशभरात त्याच कंपनीच्या विक्री केंद्रावर, म्हणजे एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर किंवा ठरवून दिलेल्या दुकानांत देऊन भरलेली घेता येते. घरातली एक शेगडी तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस घेते. त्या हिशेबाने चार जणांच्या कुटुंबाला अशी एक टाकी आठवड्याहून अधिक चालते. निघण्याआधी मार्गावरची विक्री केंद्रे कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवर पाहून ठेवली की गल्ली शोधायची वेळ येत नाही.

मोठ्या यात्रेसाठी व्यावसायिक टाक्या आणि त्या नेण्यासाठी प्रवाशांपासून वेगळे मालवाहू वाहन हवे. दिंड्यांमध्ये सामानाचा ट्रक वेगळा असतो, ती जुनी शहाणी पद्धत आहे. त्या ट्रकमध्येही टाक्या उभ्या, बांधलेल्या आणि उन्हापासून झाकलेल्या असाव्यात. टाकी आडवी ठेवली तर झडपेतून वायूऐवजी द्रव येतो आणि ज्योत एकदम भडकते. टपावर टाकी नेणे टाळावे.

टाकी बदलून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. सील शाबूत आहे का. वजन बरोबर आहे का. प्रत्येक टाकीवर रिकामे वजन लिहिलेले असते, त्यात आतल्या गॅसचे वजन मिळवले की एकूण वजन मिळते. कमी वजन म्हणजे फसवणूक, पण जास्त वजन म्हणजे धोका, हे लक्षात ठेवावे. तिसरी गोष्ट म्हणजे चाचणीची तारीख. टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. ती मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

रोज मुक्कामी पोहोचल्यावर जोड आणि नळीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये. स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्या हवेत आणि गाडीपासून अंतर ठेवून करावा. निघताना रेग्युलेटर काढून टाकीला प्लास्टिकची टोपी लावावी. गाडीत गॅसचा वास आला तर दिवा, पंखा, मोबाइल चार्जर यांचे बटण दाबू नये, चालूही करू नये आणि बंदही करू नये. माणसे उतरवावीत, दारे-खिडक्या उघडाव्यात, शक्य असेल तर टाकी मोकळ्यावर न्यावी आणि दूर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा.

कुणी भाजले तर पहिली वीस मिनिटे सर्वात मोलाची. जखमेवर साधे वाहते पाणी घालत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, स्वच्छ कोरड्या कापडाने झाकावे आणि १०८ ला बोलवावे. चेहरा भाजला असेल, आवाज बसला असेल किंवा थुंकीत काजळी दिसत असेल तर श्वासनलिकेला इजा झालेली असू शकते. अशा रुग्णाला बोलता येत असले तरी वेळ दवडू नये.

सोय केली तर गल्ली बंद होईल

प्रवाशाने नियम पाळावेत, हे सांगणे सोपे आहे. नियम पाळणे सोपे करणे हे प्रशासनाचे काम आहे आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आषाढी वारीत पूर्वी दिंड्यांना रॉकेल दिले जाई. रॉकेल संपत गेले तसे पालखी मार्गावरच्या जिल्ह्यांत प्रशासनाने वितरकांमार्फत दिंड्यांना गॅस टाक्या मिळण्याची व्यवस्था सुरू केली. म्हणजे चालत्या स्वयंपाकघराला ठरलेल्या ठिकाणी भरलेली टाकी देणे शक्य आहे, ते करून झाले आहे.

हीच व्यवस्था वऱ्हाडातही हवी. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोल्यातून जाते. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. बहिरमची जत्रा डिसेंबर-जानेवारीत महिनाभर चालते आणि जेवण हाच तिचा मोठा भाग असतो. चिखलदऱ्याला पावसाळ्यात गाड्यांची रीघ लागते. ही ठिकाणे आणि वेळा दरवर्षी ठरलेल्या असतात. तिथे पाच किलोच्या टाक्यांचे अदलाबदल केंद्र आणि त्याचा ठळक फलक लावायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा पुरवठा कार्यालय आणि तेल कंपन्यांनी हंगामाआधी एक बैठक घेतली तरी पुरे.

दुसरी गोष्ट परिवहन विभागाच्या हातात आहे. यात्रेच्या बसला परवाना देताना आणि ती जिल्ह्यातून निघताना डिक्की उघडून पाहिली, तर निम्मा धोका अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या वेशीवरच थांबेल. यात्रेचे पैसे भरताना प्रवाशांनीही जेवणाच्या यादीसोबत एक प्रश्न विचारावा : टाक्या कोणत्या गाडीत आहेत आणि संपल्यावर कुठून बदलणार? ज्या आयोजकाकडे या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे, त्याच्याच बसमध्ये आई-वडिलांना बसवावे.